व्यसनमुक्तीचा खर्च: सगळे पैसे पहिल्याच महिन्यात घालवू नका

घरातला माणूस एकदाचा उपचाराला तयार होतो आणि घरचे फोन फिरवायला लागतात. पहिला प्रश्न ठरलेला: "महिन्याचे किती?" पलीकडून आकडा येतो, तो पलंगाचा, जेवणाचा आणि देखरेखीचा. दागिने गहाण पडतात, पतसंस्थेचं कर्ज निघतं, मेहुण्याकडून उसने येतात आणि सगळी रक्कम पहिल्या दिवशी केंद्राच्या काउंटरवर जाते. महिना-दीड महिन्याने माणूस घरी परततो तेव्हा गोळ्यांना, समुपदेशकाच्या फीला, फॉलोअपला जायच्या एसटीच्या तिकिटालाही पैसे उरलेले नसतात. माझा आग्रह एवढाच आहे, की जी काही रक्कम उभी होईल तिचे आधीच दोन भाग करा आणि मोठा भाग घरी परतल्यानंतरच्या काळासाठी बाजूला ठेवा.

दारूची शरीरावरची पकड आठ-पंधरा दिवसांत सैल होते. ज्या दुःखावर ती ओतली जात होती ते मात्र जागच्या जागी असतं. लहानपणी बापाने पट्ट्याने मारलेलं असतं, नात्यातल्याच कुणी नको तिथे हात लावलेला असतो, घरात आत्महत्या झालेली असते, अपघातात शेजारी बसलेला मित्र डोळ्यांदेखत गेलेला असतो. गटारात उतरणारे कितीतरी सफाई कामगार ती घाण सोसावी म्हणूनच पिऊन उतरतात. अमेरिकेत फेलिटी, अँडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये ९,५०८ प्रौढांच्या माहितीवरून एक अभ्यास प्रसिद्ध केला. बालपणी चार किंवा अधिक प्रकारचे आघात सोसलेल्यांमध्ये दारूचं व्यसन, अमली पदार्थ, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका, असे आघात न झालेल्यांच्या तुलनेत, चार ते बारा पट आढळला. प्रत्येक पिणाऱ्याच्या मागे अशी कहाणी असतेच असं नाही. पण असेल, तर दारू सुटल्यावर ती वर येते, आणि बहुतेक वेळा घरी आल्यावर येते. मदत तेव्हा लागते.

पहिला खर्च: शरीर

रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम सोडली, तर पहिल्या एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भ्रम होतो. हात इतके थरथरतात की चहाचा कप बशीत उलटतो, अंगाला घाम सुटतो, भिंतीवर किडे चालताना दिसतात, दाराबाहेर कुणी मारायला आलंय असं वाटून माणूस रात्रभर ओरडतो. उपचार मिळाले नाहीत तर यात जीव जाऊ शकतो. म्हणून 'चार दिवस खोलीत कोंडून ठेवू, आपोआप उतरेल' हा घरगुती उपाय करू नका. माळ घालायचं ठरवून एकादशीपासून एका दमात बंद करणाऱ्यालाही हेच लागू आहे. संकल्प मोलाचा आहे, त्याच्या आठवडाभर आधी डॉक्टरांना भेटा आणि सांगतील तसं सोडा.

या टप्प्यावर लागणारी औषधं महाग नाहीत. थायमिन म्हणजे जीवनसत्त्व ब-१, आणि क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपॅम यांसारख्या गोळ्या. खर्च होतो तो पलंगाचा आणि तपासण्यांचा. तोही टाळता येतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. त्यात जिल्हा रुग्णालयं येतात, तशी ठाणे, पुणे (येरवडा), नागपूर आणि रत्नागिरीची प्रादेशिक मनोरुग्णालयंही येतात. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं वेगळ्या खात्याची आहेत, पण तिथल्या मनोविकार विभागातही शुल्क नाममात्र असतं. गोव्यात हे काम बांबोळीची मनोविकार संस्था करते. 'मनोरुग्णालय' हा शब्द ऐकून घरचे मागे सरतात, हे मला कळतं. पण व्यसनाचे सर्वाधिक रुग्ण पाहिलेले डॉक्टर अनेकदा तिथेच भेटतात.

ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयांबद्दल फार थोड्यांना माहिती असते. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या अशा रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन तिथल्या वैद्यकीय समाजसेवकाला भेटा. बिलिंगच्या खिडकीवर हे कुणी आपणहून सांगत नाही. पूर्ण खासगी रुग्णालयात मात्र साध्या वॉर्डातही दिवसाला तीन ते आठ हजार सहज होतात आणि आयसीयू लागलं तर हिशेबच बदलतो. तिथे जायचं असेल तर तेवढ्या पाच-सात दिवसांपुरतंच जा.

दुसरा खर्च: केंद्र

सगळ्यांना निवासी केंद्राची गरज नसते. नोकरी टिकून आहे, घर सांभाळणारं आहे, फिट किंवा भ्रमाचा इतिहास नाही, अशा माणसाला बाह्यरुग्ण उपचार पुरू शकतात. हे डॉक्टर ठरवतील, केंद्राचा माणूस नव्हे.

केंद्रात ठेवायचं ठरलंच तर दरात जमीन-अस्मानाचा फरक आहे. केंद्र सरकारच्या अनुदानावर सामाजिक संस्था चालवतात ती केंद्रं मोफत किंवा अगदी कमी पैशांत ठेवतात. त्यांचे पत्ते १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर विचारता येतात. जुन्या सेवाभावी संस्था ऐपत पाहून शुल्क कमी करतात, फक्त तसं तोंड उघडून विचारावं लागतं. पुण्याचं मुक्तांगण हे त्यातलं सर्वांत ओळखीचं नाव. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने १९८६ मध्ये ते सुरू केलं. ३५ दिवसांचा निवासी उपचार आणि नंतर गावोगावचा पाठपुरावा ही त्याची पद्धत आहे आणि स्त्रियांसाठी 'निशिगंध' हा वेगळा विभाग आहे. खासगी केंद्रांचे आकडे साधारण पंधरा हजारांपासून चाळीस हजारांपर्यंत ऐकायला मिळतात, आणि बाग, पोहण्याचा तलाव, एसी खोली असली की लाखावर जातात. तलावाने दारू सुटत नाही. विचारायचं असेल तर हे विचारा: मनोविकारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतात, आणि एका समुपदेशकाकडे किती रुग्ण आहेत.

सांगितलेला आकडा बहुधा अर्धाच असतो. पावती मागितली की बाकीच्या रकमा दिसतात: डिपॉझिट, रक्ततपासणी, डॉक्टरांची व्हिजिट, औषधं, लाँड्री, चहा-बिस्किटांचं खातं, आणि एक ओळ, जिच्याकडे घरच्यांनी डोळे उघडून पाहावं: 'पिकअप'.

पिकअप म्हणजे रात्री तीन-चार दणकट माणसं गाडी घेऊन येतात, झोपलेल्या माणसाला धरतात आणि उचलून नेतात. त्याचे पाच-दहा हजार वेगळे. घरच्यांच्या हतबलतेतून हे घडतं, त्यांना दोष देणं सोपं आहे म्हणून मी तो देणार नाही. पण लहानपणी मारहाण किंवा अत्याचार सोसलेल्या माणसाच्या दाराशी अंधारात अनोळखी हात येतात तेव्हा त्याच्या मनाला तीच जुनी रात्र पुन्हा दिसते. त्यानंतर त्या इमारतीत कुणी कितीही प्रेमाने बोललं तरी त्याचा विश्वास बसत नाही, आणि 'याच घरच्यांनी मला उचलून दिलं' हे तो वर्षानुवर्षं विसरत नाही. या पाच हजारांत पुढचे पन्नास हजार वाया जातात.

शिवाय कायदा याला परवानगी देत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्था येतात. माणूस स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेल तर कलम ८९ खाली त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावरून दाखल करता येतं. पण त्यासाठी एक मनोविकारतज्ज्ञ आणि दुसरा एक तज्ज्ञ किंवा डॉक्टर यांनी त्याला स्वतंत्रपणे तपासलेलं असावं लागतं, आणि मुदत ३० दिवसांपर्यंतच असते. साखळीने बांधायला, सक्तीने मुंडण करायला या कायद्याने बंदी आहे. रुग्णाला काम करायची सक्ती करता येत नाही, केलं तर मोबदला द्यावा लागतो. 'श्रम-उपचार' म्हणून महिनाभर भांडी घासून घेणाऱ्या केंद्राला ही तरतूद दाखवायला हरकत नाही. घरच्यांशी फोनवर बोलण्याचा, भेटण्याचा हक्कही कायद्यात आहे. केंद्राची नोंदणी राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे आहे का, हे पैसे भरण्याआधी कागदावर पाहा.

आघाताची जाण असलेलं केंद्र कसं ओळखायचं

पाटीवर 'ट्रॉमा' लिहिलेलं असणं हा पुरावा नव्हे. पहिली मुलाखत ऐका. एका ठिकाणी समुपदेशक चार लोकांसमोर विचारतो, "कधीपासून पितोस? बायकोला मारतोस का? लाज वाटत नाही?" दुसऱ्या ठिकाणी दार लोटून घेतात, खुर्ची दाराजवळची देतात आणि सांगतात, "काही प्रश्न खाजगी आहेत. उत्तर द्यायचं नसेल तर 'पुढचा' म्हणा. आज सगळं सांगायची गरज नाही." याला जास्तीचा एक रुपया लागत नाही, फक्त माणसं शिकवलेली लागतात.

आणखी काही गोष्टी पाहा. झडती कशी घेतात, बाईची झडती बाईच घेते का, रात्रीच्या पाळीला स्त्रियांच्या विभागात कोण असतं. चूक झाली तर शिक्षा काय, हे विचारा. उठाबशा, उपाशी ठेवणं, सगळ्यांसमोर अपमान ही उत्तरं आली तर तिथून उठा. ज्याने घरात मार खाल्ला तो आधी गप्प बसून 'सुधारल्यासारखा' दिसतो, घरच्यांना बरं वाटतं, आणि बाहेर पडल्या संध्याकाळी तो क्वार्टर घेतो.

सर्वांसमोर 'शेअरिंग' ही व्यसनमुक्तीतली जुनी आणि उपयोगी रीत आहे. पण लैंगिक अत्याचारासारखी गोष्ट पहिल्या आठवड्यात गटासमोर बोलायला लावणं धोक्याचं आहे. आधी सुरक्षितता, मग आठवण, हा क्रम अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ च्या आपल्या पुस्तकात मांडला आणि आज तो अनेक ठिकाणी मानला जातो. लिसा नजाविट्स यांची 'सीकिंग सेफ्टी' ही पद्धत व्यसन आणि आघात दोन्हींवर एकत्र काम करते आणि भूतकाळ उकरण्याआधी आज रात्री न पिता, स्वतःला इजा न करता कसं निभवायचं ते शिकवते. ईएमडीआर ही आघातावरच्या उपचाराची दुसरी पद्धत. तिची बैठक लांब, साधारण तास-दीड तासाची असते, त्यामुळे फीही जास्त.

आता पैशांचं. मोठ्या शहरांत मानसोपचाराच्या एका बैठकीला साधारण एक ते अडीच हजार पडतात, तालुक्याच्या गावी कमी. पहिले तीन महिने दर आठवड्याला, पुढचे सहा महिने पंधरा दिवसांतून एकदा, अशा सुमारे चोवीस बैठका होतात. हजार रुपये धरले तर चोवीस हजार. नऊ महिन्यांचा हा खर्च मध्यम दर्जाच्या खासगी केंद्रातल्या एका महिन्याएवढा आहे, आणि घरचे नेमका यालाच कात्री लावतात, कारण 'नुसतं बोलायचे हजार रुपये' त्यांना पटत नाहीत. बोलणारा मात्र शिकलेला हवा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, क्रमांक विचारा. परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयाच्या मानसिक आरोग्य कार्यक्रमात समुपदेशन मोफत असतं, आणि टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ वर कोणत्याही वेळी मराठीत बोलता येतं.

देवाधर्माचे पैसे किती?

शून्य. श्रद्धेच्या नावाखाली व्यसनमुक्तीचे पैसे मागणाऱ्यापासून दूर राहा, हा माझा सरळ सल्ला आहे.

याचा अर्थ श्रद्धा निरुपयोगी आहे असा मुळीच नाही. महाराष्ट्रात केंद्रं नव्हती तेव्हाही माळ होती. तुळशीची माळ गळ्यात पडली की गावातले जुने सोबती स्वतःहून ग्लास पुढे करायचं थांबवतात, संध्याकाळ भजनात जाते, आषाढीची तारीख वर्षाला दिशा देते. बौद्ध घरांत पंचशीलातलं पाचवं शील आणि १९५६ मध्ये नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतली दारू न पिण्याची प्रतिज्ञा हेच काम करते. मुंबईत वांद्र्याला फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये सुरू केलेल्या कृपा फाउंडेशनने अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या बारा पायऱ्यांच्या जोडीला अय्यंगार पद्धतीची योगासनं आणली. ते स्वतः बी. के. एस. अय्यंगार यांचे शिष्य.

अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालं. तिथे ना प्रवेश फी, ना वर्गणी. सभेत एक पेटी फिरते, सदस्य जमेल ते टाकतात, नव्या माणसाने काही टाकलं नाही तरी कुणी पाहत नाही. देव कोणता, हे ज्याने त्याने ठरवायचं असतं. कुणी विठ्ठल म्हणतं, कुणी निसर्ग, कुणी समोर बसलेल्या गटालाच आपल्याहून मोठी शक्ती मानतं. एका बाबतीत मात्र जपा. चौथ्या-पाचव्या पायरीत स्वतःच्या दोषांचा पाढा वाचून तो दुसऱ्यासमोर कबूल करायचा असतो. बालपणी अत्याचार झालेली माणसं त्या यादीत स्वतःवर झालेला अत्याचारही स्वतःचा दोष म्हणून लिहितात. ही पायरी आली की मानसोपचारतज्ज्ञाला सांगा आणि त्यांच्याशी बोलून पुढे जा. स्पॉन्सर हा मोठ्या मनाचा अनुभवी सोबती असतो, डॉक्टर नसतो.

इगतपुरीच्या विपश्यना केंद्रातल्या दहा दिवसांच्या शिबिरालाही शुल्क नाही; शिबिर पूर्ण केलेल्यांच्या दानावर ते चालतं. पण दारू सोडल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यांत, त्यातही जुना आघात असलेल्याने, दहा दिवस मौन आणि डोळे मिटून बसण्याची घाई करू नये. डोळे मिटले की काहींना तीच खोली, तोच माणूस दिसतो. मानसिक आजाराची माहिती अर्जात द्यावी लागते, ती लपवू नका. तोवर डोळे उघडे ठेवून श्वासाकडे लक्ष देणं, पायी चालत नामस्मरण करणं, दाराजवळ बसणं असे साधे बदल कुठल्याही ध्यानात करता येतात. चांगलं केंद्र ते सुचवतं.

पहाटे पाचला काकडआरती सक्तीची, न उठणाऱ्याला शिक्षा, असं असेल तर ती उपासना राहिली नाही. मुसलमान रुग्णाला नमाजाला जागा मिळते का, ख्रिस्ती रुग्णाला रविवारी प्रार्थनेला जाता येतं का, देव न मानणाऱ्याला त्या वेळी अंगणात फिरता येतं का, हे फोनवरच विचारा. ज्याच्या बालपणात मारणारा हात आणि पूजा करणारा हात एकच होता, त्याला घंटेच्या आवाजानेही धडधडतं. त्याला 'नास्तिक' म्हणून हिणवणाऱ्या केंद्रात त्याची तब्येत सुधारणार नाही.

आणि बुवा. मारून, चटके देऊन भूत उतरवणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे, त्याला सहा महिने ते सात वर्षं शिक्षा आहे. 'रुग्णाच्या नकळत जेवणात मिसळा' म्हणून मिळणाऱ्या पुड्यांचं प्रकरण तर त्याहून सर्रास चालतं. त्यात काय आहे हे कुणी सांगत नाही. डायसल्फिरामसारखं औषध न सांगता दिलं आणि माणूस त्यावर प्यायला, तर चेहरा लाल होऊन उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, हृदयविकार असेल तर मृत्यूही येऊ शकतो. हे औषध डॉक्टर देतात ते रुग्णाला समजावून, त्याच्या संमतीने.

विमा आणि वही

विम्याची आशा थोडीच ठेवा. २०१७ च्या कायद्याने मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच विमासंरक्षण द्यायला सांगितलं आहे, तरीही बहुतेक पॉलिसींच्या अपवादांच्या यादीत 'एक्सक्ल १२' या सांकेतिक क्रमांकाखाली दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनाचे उपचार व त्यांचे परिणाम वगळलेले असतात. नैराश्य किंवा आघातोत्तर ताणाचं निदान खरोखर असेल तर त्याच्या दाखल्यावर दावा करून पाहा. खोटं निदान लिहून घेऊ नका, तपासात ते उघडं पडतं.

आता हिशेबाची वही. समजा, साठ हजार उभे झाले. सरकारी किंवा ट्रस्टच्या रुग्णालयात पहिला आठवडा काढला तर प्रवास, सोबतच्या माणसाचं जेवण, बाहेरच्या तपासण्या धरून पाच हजार. सेवाभावी केंद्राचे वीस हजार. उरलेल्या पस्तीस हजारांत चोवीस हजार बैठकांचे, सहा हजार वर्षभराच्या गोळ्यांचे आणि पाच हजार फॉलोअपच्या प्रवासाचे. दारूची ओढ कमी करणारं नाल्ट्रेक्सोन लिहून दिलं तर गोळ्यांचा आकडा वाढतो, जेनेरिक मागा. कमावता तोच असेल तर त्याच्या गैरहजेरीतला किराणा आणि मुलांची फी या साठ हजारांच्या आधी बाजूला काढा, नाहीतर दहाव्या दिवशी बायको त्याला परत आणायला जाईल.

तिच्यासाठीही या वहीत एक ओळ हवी. रोज रात्री दाराची कडी वाजली की दचकणाऱ्या बाईच्या मनावरही आघात झालेलाच असतो. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी असलेल्या अलअनॉनच्या सभा मोफत आहेत, मुक्तांगणमध्ये पत्नींसाठी 'सहचरी' गट आहे; चोवीसातल्या चार-पाच बैठका तिच्या एकटीच्या ठेवल्या तर त्या वाया जाणार नाहीत.

२०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दारूच्या व्यसनात असलेल्या ३८ जणांमागे एकालाच काही ना काही उपचार मिळाल्याचं आढळलं होतं. तुमचा माणूस दारापर्यंत आला असेल तर घसरण, म्हणजे स्लिप, हिशेबात धरूनच चला. केंद्राला प्रवेशाच्या दिवशीच विचारा: पुन्हा प्यायला तर परत घ्याल का, पूर्ण फी घ्याल की काही दिवसांची, आणि त्या रात्री फोन कुणाला करायचा. उत्तर पावतीच्या मागे लिहून, सही घेऊन ठेवा.